गोधडीचा गौरव आणि शिवणारणीचा हक्क

२७ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला. स्मिथसोनियन या तेथील राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेत अनुचित विचारसरणी शिरली आहे असे ठरवून ती काढून टाकण्याचे काम त्यांनी उपाध्यक्षांवर सोपविले. आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या संग्रहालयाचा या आदेशात नावानिशी उल्लेख आहे. त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यान विभागाने प्रसिद्ध केलेल्या माहितीतून हॅरिएट टबमन यांचे छायाचित्र नाहीसे झाले आणि गुलामगिरीविषयीचा मजकूर मवाळ झाला. गवगवा झाल्यावर एप्रिलमध्ये तो पूर्ववत करण्यात आला खरा. परंतु एका स्त्रीने दीडशे वर्षांपूर्वी जिवावर उदार होऊन जे केले, त्याची नोंद एका कारकुनाच्या हातच्या एका कळीवर अवलंबून आहे, हे त्यातून जगाला दिसले. ज्यांचा इतिहास असा परक्याच्या मर्जीवर टांगलेला असतो, त्यांनी तो लिहावा कोठे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी तो बराचसा कापडावर लिहिला. तेथली गोधडी आपल्या गोधडीहून फारशी निराळी नाही. वर तुकडे जोडून केलेला थर, खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि तिन्हींना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. आपल्याकडे मध्ये कापसाऐवजी जुनी लुगडी घालतात, एवढाच काय तो फरक. मळ्यावरच्या गुलाम बायका मालकिणीसाठी नक्षीदार गोधड्या शिवीत आणि रात्री उरल्यासुरल्या चिंध्यांतून आपल्या लेकरांसाठी. पहिल्या प्रकारच्या गोधड्या धनिकांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या जपल्या गेल्या. दुसऱ्या वापरून वापरून विरल्या. त्यांतून जे थोडे वाचले त्यांत जॉर्जियातील हॅरिएट पॉवर्स यांच्या दोन गोधड्या आहेत, आणि या विषयाची चर्चा करायची तर ती तेथूनच सुरू केली पाहिजे.

पॉवर्स यांचा जन्म १८३७ सालचा, गुलामीतला. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-मेळाव्यात त्यांनी बायबलमधील प्रसंगांची एक गोधडी मांडली. कापडाचे आकार बेतून ते दुसऱ्या कापडावर शिवून काढलेल्या आकृत्या: आदम आणि हव्वा, सर्प, याकोबाची शिडी, क्रूस. चित्रकला शिकविणाऱ्या एका गोऱ्या बाईंनी ती विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे चार-पाच वर्षांनी घरात चणचण झाली तेव्हा त्या स्वतःच ती घेऊन गेल्या. दहा डॉलर सांगितले, हाती पाच पडले. नंतर आपली गोधडी नुसती पाहण्यासाठी त्या त्या बाईंच्या घरी पुन्हा पुन्हा जात असत, अशी नोंद आहे. आज ही गोधडी त्याच स्मिथसोनियन संस्थेच्या ताब्यात आहे. दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. तीत बायबलच्या जोडीने १८३३ सालच्या उल्कावर्षावासारख्या, लोकांच्या स्मरणात राहिलेल्या घटनाही आहेत. अभ्यासकांनी या गोधड्यांवर पुष्कळ लिहिले आहे. त्या पाच डॉलरांवर मात्र थोडके लिहिले गेले. आमचे आजचे म्हणणे त्या पाच डॉलरांविषयीचे आहे.

पॉवर्स यांच्या गोधडीत बायबलमधली माणसे होती. आपल्याच समाजातील स्त्रियांना गोधडीत आणण्याची कल्पना पुढच्या शतकातली. १९५१ साली कॅलिफोर्नियात मरिन सिटी व सॉसलिटो येथल्या निग्रो इतिहास मंडळाने (त्या काळी हाच शब्द रूढ होता) हॅरिएट टबमन यांची एक भलीमोठी गोधडी शिवली. मरिन सिटी ही दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी उभारलेली वस्ती. युद्ध संपले, कारखाना बंद पडला, गोरे कामगार इतरत्र घरे घेऊन गेले आणि कृष्णवर्णीयांना कोणी घरे देईना म्हणून ते तेथेच राहिले. अशा वस्तीतल्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून आपला इतिहास वाचावा आणि वाचलेले शिवून काढावे, ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. आपण ज्याला अभ्यासवर्ग म्हणतो, तोच तो. फक्त त्याचे टिपण कापडावर झाले.

या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोधडी आमच्या मते फेथ रिंगोल्ड यांची आहे. रिंगोल्ड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९३० साली जन्मल्या आणि १३ एप्रिल २०२४ रोजी वारल्या. पणजीच्या आईपासून, म्हणजे गुलामीच्या काळापासून, त्यांच्या घरात गोधडीची विद्या चालत आली होती. आई विली पोसी कपड्यांचे बेत काढणारी व्यावसायिक. पहिली गोधडी मायलेकींनी मिळून १९८० साली केली आणि पुढच्याच वर्षी आई गेली. रिंगोल्ड रीतसर शिकलेल्या चित्रकार होत्या. संग्रहालये कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना दारात उभे करीत नाहीत म्हणून त्यांनी १९६८ पासून त्या दारांपुढे निदर्शने केली. राष्ट्रध्वजाचा उपयोग करून भरविलेल्या निषेध-प्रदर्शनासाठी १९७० साली त्यांना अटक झाली. अँजेला डेव्हिस तुरुंगात असताना त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी भित्तिपत्रक काढले. आत्मचरित्र लिहिले तर प्रकाशक मिळेना. तेव्हा त्यांनी आपला मजकूर गोधडीवरच लिहिण्यास आरंभ केला. १९८३ सालची पहिली कथा-गोधडी आँट जेमायमा या नावाभोवती रचलेली आहे. ही आँट जेमायमा म्हणजे धिरड्यांच्या तयार पिठाच्या खोक्यावर छापलेली, डोईला रुमाल बांधलेली, सदा हसतमुख स्वयंपाकीण. गुलामीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन यांना १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात या सोंगात उभे केले होते. रिंगोल्ड यांनी तिला खानावळींची मालकीण केले, तिला घराणे दिले, नातवंडे दिली. कंपनीने ते चित्र आणि नाव मागे घेण्याचे जाहीर केले ते २०२० साली, गोधडीनंतर ३७ वर्षांनी.

परंतु आम्ही म्हणतो ती गोधडी १९९१ ची. फ्रान्समधील आर्ल गावाबाहेर सूर्यफुलांचे शेत पसरलेले आहे, आणि त्यात आठ इतिहासप्रसिद्ध कृष्णवर्णीय स्त्रिया सूर्यफुलांचीच एक गोधडी हाती धरून उभ्या-बसल्या आहेत. त्यांच्याबरोबर विलिया मारी सिमोन ही रिंगोल्ड यांनी कल्पिलेली, चित्रकार होण्यासाठी फ्रान्सला आलेली तरुणी आहे. एका बाजूला हातात फुलदाणी घेतलेला व्हॅन गॉग उभा आहे. सूर्यफुले म्हटली की जगाला तोच आठवतो. येथे तो पाहुणा आहे, आणि काम बायका करीत आहेत. त्यातल्या सोजर्नर ट्रुथ यांची मातृभाषा डच होती, कारण त्यांचे मालक डच होते. व्हॅन गॉगही डच. हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो पाहुणा जरा अवघडून का उभा आहे हे समजते.

या आठजणी कोण? नावे सांगून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. कार्यकर्त्यांच्या शिबिरांत आपणही थोरांची अशीच यादी म्हणतो. येथे मात्र प्रत्येकीच्या कामाकडे पाहिल्यावाचून गोधडीचा अर्थ लागत नाही. सोजर्नर ट्रुथ १८२६ साली तान्ही मुलगी कडेवर घेऊन मालकाच्या घरून चालत्या झाल्या, आणि बेकायदा विकलेल्या मुलासाठी १८२८ साली न्यायालयात लढून त्याला परत मिळविले. हॅरिएट टबमन १८४९ साली मेरीलँडमधून पळाल्या आणि सुमारे १३ वेळा परत जाऊन ७० च्या आसपास माणसे सोडवून आणली. १८६३ साली यादवी युद्धात कोंबाही नदीवरच्या ज्या मोहिमेला त्या वाट दाखवीत होत्या, तीत ७०० हून अधिक गुलाम मुक्त झाले. या सैनिकी सेवेबद्दल सरकारने त्यांना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. शेवटी १८९९ साली निवृत्तिवेतन ठरले ते महिना २० डॉलर. २०१६ साली त्याच सरकारने २० डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापण्याची घोषणा केली आणि २०१९ साली ती लांबणीवर टाकली.

आयडा वेल्स यांचे तीन मित्र १८९२ साली मेम्फिसमध्ये जमावाने ठार मारले. त्यांचा अपराध असा की कृष्णवर्णीयांनी भागीदारीत काढलेले त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक ओढीत होते. वेल्स यांनी झुंडीच्या हत्यांमागचे हे आर्थिक कारण आपल्या पत्रातून उघड केले, तेव्हा त्यांचा छापखाना फोडण्यात आला. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी १९०४ साली दीड डॉलर आणि पाच मुली एवढ्या भांडवलावर फ्लोरिडात शाळा काढली. एला बेकर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी तरुण कृष्णवर्णीयांच्या सहकारी चळवळीचे काम केले आणि १९६० साली विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती उभी केली. पुढाऱ्यावाचून चालणारी संघटना हा त्यांचा जन्मभराचा ध्यास होता. रोझा पार्क्स माँटगोमेरीच्या एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत. फॅनी लू हॅमर वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबातले विसावे अपत्य. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या आणि १८ वर्षे राबलेल्या मळ्यावरून त्याच रात्री त्यांना घालवून देण्यात आले. हा मळा मिसिसिपी राज्यातील ज्या जिल्ह्यात होता, त्याचे नाव सनफ्लॉवर, म्हणजे सूर्यफूल. रिंगोल्ड यांच्या मनात हे होते किंवा नाही हे सांगता येणार नाही; आम्हाला मात्र ते शेत पाहताना आर्लइतकीच मिसिसिपीची आठवण झाली.

राहिल्या मॅडम सी. जे. वॉकर. धुणी धुऊन पोट भरणाऱ्या या बाई केसांच्या औषधी प्रसाधनांच्या धंद्यावर श्रीमंत झाल्या. भांडवलदार स्त्रीला हॅमर यांच्या शेजारी बसविलेले पाहून आमच्यासारख्यांच्या कपाळाला आठी पडणे साहजिक आहे. तथापि १९१७ साली वॉकर यांनी आपल्या विक्रेत्या बायकांची परिषद फिलाडेल्फियात भरविली, तेव्हा तीतून राष्ट्राध्यक्षांना झुंडहत्यांविरुद्ध तार गेली, हेही नमूद केले पाहिजे. सुई कोणाच्या हाती द्यायची याचा निर्णय रिंगोल्ड यांनी आमच्यापेक्षा उदारपणे घेतला आहे.

आता या चित्राकडे पुन्हा पाहावे. या आठजणी एकमेकींच्या काळातल्या नाहीत. ट्रुथ १८८३ साली वारल्या, रोझा पार्क्स १९१३ साली जन्मल्या. त्यांना एकत्र आणायचे तर चित्रकाराला पुतळ्यांची रांग लावता आली असती, डोक्याभोवती तेजोवलये काढता आली असती. आपल्याकडे थोरांची चित्रे अशीच निघतात. रिंगोल्ड यांनी त्यांना कामाला बसविले. एक गोधडी आठजणींनी धरली आहे. तिचा एकही कोपरा एकटीचा नाही. खेड्यातल्या बायका दुपारी ओसरीवर जमून आळीपाळीने एकमेकींच्या गोधड्या भरतात, तशीच ही बैठक आहे. गोधडीवर लिहिलेल्या कथेनुसार तर हे एक रीतसर मंडळच आहे आणि ते स्वातंत्र्याच्या कार्यासाठी देशोदेशींच्या सूर्यफुलांच्या शेतांत जमते. थोर व्यक्तीला तिच्या संघटनेतून उचलून एकटी चौथऱ्यावर चढविणे ही तिला निरुपद्रवी करण्याची जुनी युक्ती आहे. या गोधडीने ती युक्ती नाकारली. हिचा गौरव आम्ही करतो तो यासाठी.

गौरवाच्या नादात सत्याला मुरड कशी पडते याची उदाहरणे याच स्त्रियांच्या बाबतीत आहेत. ट्रुथ यांचे १८५१ सालचे जे भाषण जगभर उद्धृत केले जाते, त्याचा प्रचलित पाठ एका गोऱ्या कार्यकर्तीने बारा वर्षांनी लिहून प्रसिद्ध केला आणि तो दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीत घातला. न्यूयॉर्क राज्यात डच बोलत वाढलेल्या बाईच्या तोंडी ती बोली कोठून येणार? पार्क्स यांची गोष्ट 'दमलेली शिवणकामवाली बाई' अशी सांगितली जाते. वस्तुतः त्या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या, आणि १९५५ च्या त्या डिसेंबरआधी उन्हाळ्यात हायलँडर येथे कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. दमलेल्या बाईची कीव करता येते. चिटणिसाला मात्र मोजावे लागते. गोधडीच्या बाबतीतली दंतकथा अशीच. पळून जाणाऱ्या गुलामांसाठी गोधड्यांच्या नक्षीतून सांकेतिक खुणा दिल्या जात, असे एका पुस्तकाने १९९९ साली मांडले आणि शाळाशाळांतून ते शिकविले जाऊ लागले. इतिहासकारांना त्याला समकालीन आधार सापडलेला नाही. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकात हे संकेत कोरण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांनी जाहीर हरकत घेतली. आम्हाला ही हरकत रास्त वाटते. गुप्त खुणांची गोष्ट रम्य आहे. परंतु ती गोधडीला एक अद्भुत उपयोग चिकटवून तिचा खरा उपयोग झाकते. गोधडी थंडीसाठी होती. ज्या झोपडीच्या फळ्यांतून वारा येत असे, तेथे लेकरू जिवंत राहावे म्हणून ती होती.

हा खरा उपयोग आणि त्याचे मोल पाहायचे असेल तर अलाबामातील जीज बेंडकडे वळले पाहिजे. अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेली ही वस्ती म्हणजे जुना कापूसमळा. गुलाम मुक्त झाले आणि त्याच मळ्यावर, बहुतेक पेटवे या मालकाचेच आडनाव लावून, वाट्याने शेती करू लागले. १९३२ साली एका सावकार व्यापाऱ्याच्या विधवेने कर्जापोटी त्यांची जनावरे, अवजारे, धान्य सारे ओढून नेले आणि घरे उपासमारीला लागली. पुढे रूझवेल्टच्या सरकारने जमीन विकत घेऊन कुळांना हप्त्याने दिली, म्हणून ती माणसे तेथे तगली. कामाचे विटलेले कपडे, पिठाच्या गोण्या, कॉरडरॉयचे तुकडे यांतून तेथल्या बायकांनी ज्या गोधड्या केल्या, त्यांची मांडणी पाहून चित्रकलेचे जाणकार थक्क झाले. पण ते फार नंतर.

आधी घडले ते असे. १९६५ च्या आरंभी विल्कॉक्स जिल्ह्यात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय असूनही एकाही कृष्णवर्णीयाचे नाव मतदारयादीत नव्हते. नदीपलीकडच्या कॅम्डन गावी जाऊन नावे नोंदवू नयेत म्हणून १९६२ सालीच होडीची फेरी बंद करण्यात आली होती (ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले). नावे नोंदविणाऱ्यांना जमीनमालकांनी घरातून काढले. अशा वेळी फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक धर्मोपदेशक त्या भागात हिंडत असता त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. मार्च १९६६ मध्ये तेथल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही आपली सहकारी संस्था स्थापन केली. एस्टेल विदरस्पून या तिच्या खंद्या चालक. न्यूयॉर्कमध्ये लिलाव झाले, पैसा आला, संस्थेने जमीन घेतली, १९६९ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे शिवणकेंद्र बांधले आणि मताधिकारापायी बेघर झालेल्या काही कुटुंबांना घरासाठी तुकडे दिले. आपल्या नावावर बँकेची वही असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया त्या जिल्ह्यात पूर्वी कितीशा असतील? गोधडीतून मत, मतातून बेघरपण, आणि पुन्हा गोधडीतून घर, असा हा फेरा आहे.

या संस्थेत सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. शहरातल्या दुकानांना एका मापाच्या, एका नक्षीच्या, एका रंगसंगतीच्या गोधड्या हव्या होत्या. जीज बेंडची रीत अशी की बाई मनात येईल तसे तुकडे लावीत जाते आणि शेजारणीसारखी गोधडी करणे हे कमीपणाचे मानते. १९७२ साली एका बड्या दुकानसाखळीकडून कॉरडरॉयच्या उश्यांच्या अभ्र्यांचे मोठे काम मिळाले. मजुरी नियमित झाली, पण ते साचेबंद कारखानी काम होते. काही बायका त्यात रमल्या नाहीत आणि घरीच आपल्या मनासारखे शिवीत राहिल्या. आणि गंमत अशी की पुढे संग्रहालयांनी डोक्यावर घेतल्या त्या याच, बाजारासाठी न शिवलेल्या गोधड्या. सहकारी संस्थेने बायकांना मजुरी दिली. त्यांची प्रतिभा तिला पेलली नाही. सहकाराचे आम्ही पुरस्कर्ते आहोत म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. खादी-ग्रामोद्योगातही हेच कोडे आपल्याला सुटलेले नाही: नियमित मागणी आणि कारागिराचे स्वातंत्र्य एका दावणीला बांधायचे कसे?

२००२ साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर चढल्या. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. २००७ साली काही शिवणारणींनी गोधड्या गोळा करणाऱ्यांवर दावे लावले: आमच्या नक्षींचा उपयोग करून जो पैसा झाला त्यातला आमचा वाटा कोठे आहे? हे दावे पुढच्या वर्षी आपसांत मिटले. सहकारी संस्था २०१२ साली बंद पडली. २०२४ साली एका मोठ्या विक्री-कंपनीने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून जीज बेंडच्या पाचजणींच्या नक्षी कपड्यांवर आणि घरसामानावर छापून देशभर विकल्या, आणि शिवणारणींना खपाच्या प्रमाणात वाटा देण्याऐवजी ठरावीक रक्कम देऊन मोकळी झाली. पाच डॉलरांची रक्कम वाढली आहे. व्यवहाराची जात तीच राहिली आहे.

'लोककला' हा शब्द या व्यवहाराला सोयीचा पडतो. एखादी वस्तू लोककला ठरली की ती 'लोकां'ची होते, म्हणजे कोणाचीच राहत नाही. तिच्यावर नाव लागत नाही, आणि नाव नाही म्हणून हक्कही लागत नाही. व्हॅन गॉगची सूर्यफुले व्हॅन गॉगची असतात, आणि शिवणारणीची सूर्यफुले परंपरेची असतात. परंपरा वेतन मागायला येत नाही. रिंगोल्ड यांनी व्हॅन गॉगला पाहुणा करून नेमके याच भेदावर बोट ठेवले आहे. त्यांना हे करता आले, कारण त्या शिकलेल्या होत्या, न्यूयॉर्कमध्ये होत्या आणि सह्या करीत होत्या. हॅरिएट पॉवर्स यांना ते करता आले नाही.

या लढ्याशी भारतीय समाजवाद्यांचे नाते पुस्तकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया मिसिसिपीतील जॅक्सन शहरी एका गोऱ्यांच्या उपाहारगृहात गेले, त्यांना मज्जाव झाला, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि पोलिसांनी त्यांना धरले. त्याच राज्यातल्या हॅमर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनापुढे आपल्या मारहाणीची हकीकत सांगत होत्या. आणि कमलादेवी चट्टोपाध्याय, काँग्रेस समाजवादी पक्षाच्या आरंभकाळातील नेत्या, १९४१ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत आगगाडीने जात असता गोऱ्यांच्या डब्यातून उठायला सांगितल्यावर उठल्या नाहीत. आपण भारतीय आहोत एवढे म्हणून सूट घेण्याऐवजी त्यांनी आपली गणना कृष्णवर्णीयांतच करून घेतली. याच कमलादेवींनी १९४८ साली इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन काढली आणि १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळ चालविले. कारागीर आणि हक्क हे दोन विषय त्यांच्यासाठी एकच होते. त्यांची आठवण आता मुख्यतः हस्तकलांच्या प्रदर्शनांपुरती उरली आहे, आणि डब्यातली ती घटना फारशी कोणी सांगत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या दाराशी आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांपैकी कित्येक घाट चढून उत्तर कर्नाटकच्या रानात पळाले. त्यांचे वंशज असलेले सिद्दी आज कारवार जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत राहतात. कोकणी त्यांच्या घरात बोलली जाते, मराठीही पुष्कळांना कळते. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी करतात तिला कवंद किंवा कवंदी म्हणतात. ती कडेपासून शिवायला घेतात आणि फेऱ्यामागून फेरा घालीत मध्यावर आणतात. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुले लावतात. फुलावाचून कवंदी उघडीनागडी, असे त्या मानतात. हेन्री ड्र्युअल या अमेरिकन अभ्यासकाच्या साहाय्याने २००४ साली त्यांची सहकारी संस्था निघाली आणि त्यांच्या कवंदी अमेरिकेतील प्रदर्शनांत गेल्या. इकडे गोव्यात वा महाराष्ट्रात त्या किती जणांनी पाहिल्या असतील?

कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्यातील आमच्या शाखांना या सिद्दी वस्त्या लांब नाहीत. तेथे जाऊन गोधड्यांचे कौतुक करून येण्याने काही साधणार नाही. कवंदीला गावात काय भाव मिळतो, शहरातल्या दुकानात ती कितीला जाते, मधला पैसा कोणाच्या खिशात पडतो, आणि विकल्या जाणाऱ्या कवंदीवर शिवणारणीचे नाव असते की नाही, एवढ्या चार प्रश्नांची माहिती आधी गोळा व्हावी. आपल्या बाजूच्या भटक्या आणि घरबसल्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांविषयीही हेच चार प्रश्न विचारावेत. जीज बेंडच्या बायकांना दावा लावण्यासाठी २००७ साल उजाडावे लागले, कारण त्याआधी त्यांच्याजवळ हिशेब नव्हता.